राखीव चुडा

कुंडलच्या पेठेत फरीदाचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन बायका समोरासमोर बसल्या की तिसरीनं पायरीवर उभं राहूनच बोलावं एवढी जागा. पण मांडण्यांवर डबे असे लावलेले की दुपारनंतरचं ऊन आत शिरलं म्हणजे अर्धी भिंत हिरवी आणि अर्धी लाल होऊन जायची. मण्यारांचं हे घर मूळचं लोणंदचं. सासरे रसूलभाई अजून तिथल्या गोदामावर बसतात. थोरला अजमल, म्हणजे फरीदाचा नवरा, टेम्पोत माल घालून जत्रा करत फिरतो. त्याच्या माघारी कुंडलचं दुकान फरीदाच बघते. धाकटा दानिश म्हसवडला, आणि तिथं गिऱ्हाइकांच्या हातात बांगड्या भरायला त्याची बायको अर्फा.

अर्फाचं नाव निघालं की फरीदाच्या पोटात दुखायला लागायचं.

तसं अर्फाचं वाईट काही नव्हतं, आणि तेच फरीदाला जास्त सलायचं. बाई भांडकुदळ असती, कामचुकार असती, तर जावाजावांचा हेवादावा म्हणून चार घरी बोलता तरी आलं असतं. पण अर्फा गोड बोलायची, ईदला पहिला फोन करायची, आणि तिचा हात हलका होता. बांगडी भरणं दिसतं तितकं सोपं नाही. अंगठ्याखालचं हाड दाबून पंजा मऊ करायचा, बाईला हाताचं भान विसरायला लावायचं आणि बोलता बोलता काच वर सरकवायची. अर्फाकडं बायका गप्पा मारता मारता खाली बघत, तोवर मनगट भरलेलं असायचं. तिच्या हातून कधी बांगडी वाढली, असं कुणी ऐकलं नव्हतं. काच फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि लग्नाच्या चुड्यात तसं झालं तर बायकांचे चेहरे उतरतात.

फरीदाचा हात काही दगड नव्हता. पण नवरीच्या चुड्याला बसली की कुठंतरी एक बांगडी कट्‌ करायचीच. कोणी काही बोलायचं नाही. बायका फक्त एकमेकींकडं बघायच्या, आणि ते बघणं फरीदा घरी घेऊन यायची.

त्या हिवाळ्यात दानिशनं तिन्ही ठिकाणचा माल एका सॉफ्टवेअरला जोडला. तोवर लोणंदचं गोदाम एका कॉम्प्युटरवर, म्हसवडचं दुकान दुसऱ्यावर आणि कुंडलचा सगळा स्टॉक फरीदाच्या डोक्यात असा कारभार होता. आता टॅबनं घरच्यांच्या यादीतलं बोट ओळखलं की कुठल्या गावात कुठल्या मापाचा कुठला डबा शिल्लक आहे ते दिसायचं. गिऱ्हाइकानं पसंत केलेल्या डब्यावर ‘राखीव’ म्हणायचं, की तो बाकी दोन्हीकडं दिसायचा बंद.

“एकच डबा दोन गिऱ्हाइकांला कबूल व्हायला नको, भाबी,” दानिशनं शिकवताना सांगितलं होतं. “दोनदा दिसला की सिस्टिम एकच ठिवती.”

फरीदाला ते आवडलं होतं. आपण इथं बसून बोट दाबावं आणि म्हसवडच्या मांडणीवरचा डबा अर्फाच्या डोळ्यांदेखत नाहीसा व्हावा, ही गोष्ट काही वाईट नव्हती.

कारखान्याचा हंगाम भरात असताना एका दुपारी विजयमालावैनी दुकानात आल्या. त्यांचं, म्हणजे नाथाजी सुभेदारांचं घर फरीदाच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडं. फौजेतून परतल्यावर सुभेदारांनी ऊस आणि मिशा दोन्ही जोमानं वाढवलेले. वैनींबरोबर त्यांची लेक अंकिता होती. तिचं लग्न ठरलं होतं. अंकिताच्या हातात पहिल्या बांगड्या फरीदानंच भरल्या होत्या. तेव्हा पोर रडून रडून लाल झाली होती आणि नंतर आरशासमोरून हलेना.

टॅबवर बघून अंकितानं चुडा पसंत केला. काळपट हिरवी काच आणि आत सोन्याची बारीक कुसळं. तसा एकच डबा शिल्लक होता, म्हसवडला.

“मागवून घेते की,” फरीदा म्हणाली. “आन् घरी येऊन भरते. तुमी कशाला हेलपाटा घालताय?”

वैनींनी लेकीकडं बघितलं. अंकितानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“चाची, राग नगा मानू. मला अर्फाचाचींच्या हातानं भरायचाय. माज्या मैत्रिणीचा त्यांनीच भरला, एकबी वाढली न्हाई.”

“पत्रिका ठिवाय म्हसवडच्या सिद्धनाथाला जाणारच हाय आमी,” वैनी घाईनं म्हणाल्या. “तवा चुडाबी घिऊ. आन् तिलाच सांगतो, आदल्या दिशी हिकडं ये म्हणून. काय, फरीदा? घरातलीच हाय न्हवं ती तुमच्या.”

फरीदा हसली. चहा मागवला. त्या गेल्यावर मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अर्फानं म्हसवडवरून उठून कुंडलला यावं, तीन गल्ल्या पलीकडं बसावं, आणि अख्ख्या गावानं ते बघावं! मग आपल्या दुकानाची फळी कशाला उघडायची? एक नवरी अशी गेली की पुढच्या सगळ्या त्याच वाटेनं जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला गावच्या लेकींचे हात हवे होते. फरीदाभाबीचा हात कसा हलका, हे एकदा तरी स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

तिनं टॅब ओढला आणि तो डबा राखीव केला. अर्फाकडं डबाच नसेल तर अर्फाला कशाला बोलावतील? चार दिवसांनी दानिशला सांगून तो कुंडलला हलवायचा, की झालं.

पण राखीव करायचं तर गिऱ्हाईक लागतं. तिनं नाव टाकलं रंगुबाई. मोबाइल विचारला; खोटा आकडा मनात येईना म्हणून आपलं जुनं सिम होतं, डब्यात पडलेलं, त्याचा नंबर टाकला. गाव कुंडल. बांगडीचं माप स्वतःचंच, दोन-सहा. शेवटी ओळखीची खूण. म्हसवडला एकेका नावाच्या चार-चार बायका म्हणून दानिशनं हा रकाना घातला होता, आणि तो भरल्याशिवाय पुढं जाता येत नसे. फरीदानं लिहिलं, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. तोही तिचाच होता. खोटं बोलायलासुद्धा माल लागतो, आणि तो घरचाच वापरावा लागतो.

दोन-तीन दिवसांनी तिनं सहज बघितलं, तर त्या डब्यापुढं ‘राखीव’ जाऊन ‘दिला’ आलं होतं.

तिनं म्हसवडला फोन लावला.

“व्हय की, भाबी,” अर्फा म्हणाली. “तुमचं गिऱ्हाईक येऊन घेऊन गेलं. रंगुबाई. मी म्हणलं, बसा, भरते. तर म्हणाली, नगं, बांधून द्या. कुंडलला न्यायचाय.”

“तू बघितलंस तिला?”

“आता! माप बघाय हात धरला तिचा. डागबी होता, तुमी लिवलेला.” अर्फानं आवाज बारीक केला. “भाबी, एक सांगू? मी तोंडं विसरते, हात विसरत न्हाई. तुमचाच हात धरल्यागत वाटलं मला.”

फरीदानं फोन ठेवला. बरी टोमणा मारती, तिला वाटलं. हिला समजलंय सगळं. डबा गुपचूप विकला आणि वर माझीच थट्टा करती. तिच्या डोक्यात असा जाळ उठला की तिनं त्याच बैठकीत अंकितानं त्या दुपारी दुसरा म्हणून पसंत केलेला चुडा शोधला. तो लोणंदच्या गोदामात होता. तोही रंगुबाईच्या नावानं राखीव करून टाकला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा तो असा.

तोही गेला. ‘दिला’.

रसूलभाई थट्टा करणारा माणूस नव्हता. उभ्या जन्मात त्यांनी सुनांशी हवापाणी आणि मालापलीकडं बोलणं केलं नव्हतं. फरीदानं विचारलं तेव्हा पलीकडं गोदामात कांद्याच्या ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

“आली होती एक बाई,” ते म्हणाले. “मण्याराचीच दिसली. काच नखानं वाजवून बघितली तिनं, गिऱ्हाइकाला ती सवय कुठली? म्हणलं, बस, च्या घे. तर म्हणाली, दुकान उघडायचंय कुंडलला.” मग त्यांनीच विचारलं. “फरीदा, तू बरी हाईस न्हवं?”

काच नखानं वाजवायला रसूलभाईंनीच तिला शिकवलं होतं.

त्या दुपारी फरीदानं मांडणीमागचा पत्र्याचा डबा काढला. जुनं सिम आत होतं, अजमलच्या सदऱ्याच्या बटणांत पडलेलं. ते समोर ठेवून तिनं त्याच नंबरला फोन लावला.

रिंग वाजली. कुणीतरी उचलला.

 फक्त काचेचा आवाज येत होता, डब्यात बांगड्या लावाव्यात तसा, सावकाश, एकीवर एक. फरीदा ऐकत राहिली. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. तो तिच्या एका कानात पेठेतून आला आणि दुसऱ्या कानात फोनमधून, एकाच वेळी.

तिनं फोन बंद केला आणि भर दुपारी दुकानाची फळी लावून घेतली.

त्यानंतर गावात लहानसहान गोष्टी घडू लागल्या. शेजारी गजरे विकणारी मंगल म्हणाली, “भाबी, आता तर सुभेदारांच्या गल्लीकडं गेलात, येवढ्यात परत कशा आलात?” किराणावाल्यानं साखरेची पिशवी द्यायला नकार दिला, मघाशीच नेलीत की, म्हणाला. फरीदानं लोकांचा गैरसमज म्हणून सोडून दिलं.

मग एक दिवस रंगारी गल्लीतली धनाजीची बायको दुकानात आली आणि तिनं दोन्ही हात समोर धरले. कोपरापर्यंत हिरवेगार. बांगडीला बांगडी लागलेली, एकही तिरकी नाही.

“कुणी भरल्या गं?” फरीदानं विचारलं. घाबरली तर ती होतीच, पण त्याहून जास्त जळत होतं. असं भरलेलं मनगट तिनं फक्त म्हसवडला पाहिलं होतं.

“आसं काय करताय, भाबी? तुमीच की, काल, घरी येऊन. लय हलका हात झालाय तुमचा. पयला आसा नव्हता, खरं सांगते.”

कालची दुपार फरीदानं घरात डोकं बांधून काढली होती. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं. पण दुकानात आणखी दोघी होत्या, आणि त्या धनाजीच्या बायकोच्या हातांकडं बघत होत्या. आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते भर दुकानात, चारचौघींत, ऐकायला मिळालं होतं.

“सरावाचा भाग असतो,” फरीदा म्हणाली.

नाही म्हणायची ती एक वेळ होती. ती गेली.

पुढं बायका येत राहिल्या, हात दाखवत राहिल्या. दुकानात भरून घ्यायला मात्र कोणी बसेना. “तुमी घरीच या, भाबी, आल्यागत,” म्हणायच्या. फरीदा मान हलवायची. स्तुती तिच्या नावावर जमा होत होती आणि ती रोज थोडी जास्त घाबरत होती. घाबरण्यातही एक कुसळ होतंच: कोण आहे ही, आणि हिला कसं जमतं? अर्फाचा हेवा तिला आता आठवतसुद्धा नव्हता. रात्री ती उशीवर हात दाबून बघायची, अंगठा कसा धरत असेल, हाड कसं सोडवत असेल.

शेवटी तिनं दानिशला फोन केला. “दानिश, ते रंगुबाईचं नाव काढून टाक सिस्टिममधनं. चुकून पडलंय.”

“ते कवाच काढलं, भाबी,” दानिश म्हणाला. “दोनदा दिसत होतं. घरच्या यादीत तुमचं जुनं खातं, आन् हे रंगुबाईचं. माप तेच, खूण तीच, गाव तेच, नंबरबी तुमचाच. म्हणलं, भाबींनीच चुकून दुसऱ्या नावानं उघडलं आसंल. जोडून एक केलं.”

“कुठलं ठेवलंस?”

“चालू हाय ते ठिवलं. जुन्यावर कायबी येवहार नव्हता, ते पुसलं. नाव मातर तुमचंच टाकलंय त्याला, काळजी नगं.”

फरीदानं टॅब उघडायला घेतला. टॅबनं तिचं बोट ओळखलं नाही. तिनं पदरानं पुसून पुन्हा ठेवलं. पुन्हा नाही.

अंकिताच्या चुड्याचा दिवस उजाडला तो चांगल्या बातमीनं. सकाळीच अर्फाचा फोन आला.

“भाबी, मी सुभेदारांच्या घरी कळवलंय. म्हणलं, गावात माजी भाबी आसताना मी येणार न्हाई. तुमच्या हाताचं नाव पार हिकडंपातुर आलंय. वैनीबी हो म्हणल्या. तुमीच भरा चुडा.” तिचा आवाज ओला होता. “मला ठावं होतं, तुमाला वाईट वाटतंय ते. कवा बोलले न्हाई, चुकलं माजं.”

फरीदा रडली. इतकी वर्षं जिच्यावर जळली, तिनं आपण होऊन ताट पुढं केलं होतं. त्या रडण्यात सगळं धुऊन गेलं, भीतीसुद्धा. रंगुबाई, टॅब, बोट, सगळं मागं पडलं. ती नेसली, केस नीट केले, दुकानातला त्यातल्या त्यात सरस चुडा मऊ कापडात बांधला आणि निघाली.

दाराशी मंगल गजरे ओवत होती. फरीदा हसली. मंगलनं परक्या गिऱ्हाइकाकडं बघावं तसं बघितलं.

“गजरा पायजे का, बाई?”

थट्टा करायची मंगलची सवयच होती. फरीदा पुढं गेली.

सुभेदारांच्या दारात मांडव पडला होता. नाथाजी खुर्च्या मांडून घेत होते. त्यांनी वर बघितलं, मान हलवली नाही, आणि पुन्हा माणसांवर ओरडू लागले.

आतून बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. आणि काचेचा.

मधल्या खोलीच्या उंबऱ्यात फरीदा थांबली.

बायका भिंतीकडेनं बसल्या होत्या. मधे पाटावर अंकिता. तिच्यासमोर, दाराकडं पाठ करून, एक बाई बसली होती. शेजारी डबा उघडा होता. काळपट हिरवी काच, आत सोन्याची कुसळं.

अंकिता शेजारणीला काहीतरी सांगत होती. हाताकडं तिचं लक्षही नव्हतं. पाठमोरी बाई पंजा दाबत होती, सोडत होती, आणि बांगड्या आपल्या आपण जाव्यात तशा वर जात होत्या.

फरीदानं तिचा अंगठा बघितला. कुठं ठेवलाय, कसा फिरवतेय, ते बघितलं.  आधी जे उसळून वर आलं ते भय नव्हतं. असं आपल्याला एकदाही जमलं नाही, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ते आतून जाळत गेलं.

शेवटची बांगडी गेली. एकही वाढली नव्हती. अंकितानं भरल्या हातांनी त्या बाईला वाकून नमस्कार केला.

“फरीदाभाबी, सोनं हाय बघा तुमचा हात,” विजयमालावैनी म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष दाराकडं गेलं.

“कोण पायजे, बाई?”

फरीदानं बोचकं छातीशी धरलं.

“वळखीची हाय का, भाबी, तुमच्या?”

पाठमोऱ्या बाईनं मागं वळून बघितलं नाही. ती डब्यातला कागद नीट करत होती.

“न्हाई,” ती म्हणाली. आवाज फरीदाचा होता. “गिऱ्हाईक आसंल. बसू द्या तिला. सगळ्यांच्या झाल्या की तिच्याबी भरते.”

बायकांनी सरकून जागा केली. फरीदा त्यांच्या ओळीत, अगदी शेवटी, बसली. हातातलं बोचकं तिनं मांडीखाली सरकवलं आणि समोर बघत राहिली. पुढच्या बाईचा हात भरून होत आला होता.